टास्कवॉरिअरमध्ये एजंट सारखा भलतंच टास्क बंद करतो, त्याचं काय करायचं

टास्कवॉरिअर, म्हणजे टर्मिनलातून चालणारं टास्क-यादीचं टूल, एआय एजंटच्या हातात दिलं की हा प्रकार कधी ना कधी होतोच. एजंट ऐटीत सांगतो "इन्व्हॉइसचं टास्क पूर्ण केलं", आपण यादी उघडून बघावं तर इन्व्हॉइस जागच्या जागी आणि बॅकअपचं टास्क गायब. मग मॉडेलच्या नावाने बोटं मोडायची, मॉडेल बदलायचं, काही दिवस बरं चालतं आणि परत ये रे माझ्या मागल्या. मॉडेल बदलून हे जात नाही कारण बहुतेक वेळा घोळ आपण त्याला जे वाचायला दिलंय त्यात असतो. माणसांसाठी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन जसंच्या तसं रेपोतल्या एजंट्स डॉट एमडी या एजंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये चिकटवलं की हेच होणार. (कमांडी मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलात त्या नेहमीसारख्याच टाइप करायच्या.)

नेमकं काय घडतं

समजा यादीत तीन टास्कं आहेत. १ लॉगिन पेजचा बग, २ इन्व्हॉइसची पीडीएफ, ३ बॅकअप स्क्रिप्ट. एजंटला पहिली दोन उरकायचीत. तो "टास्क लिस्ट" चालवतो, नंबर वाचतो, लॉगिनचं काम करतो आणि "टास्क १ डन" मारतो. इथपर्यंत सगळं ठीक. आता तो शहाण्या बाळासारखा, खरंच बंद झालं का ते बघायला, परत "टास्क लिस्ट" चालवतो. आणि या लिस्टच्या वेळीच टास्कवॉरिअर मागच्या मागे झाडलोट करतं, ज्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात, म्हणजे संपलेली टास्कं चालू यादीतून बाजूला काढायची आणि उरलेल्यांना परत १ पासून नंबर द्यायचे. इन्व्हॉइस आता १ झालं, बॅकअप २ झालं. एजंट इन्व्हॉइसचं काम मन लावून करतो आणि मग संभाषणात वर कुठेतरी वाचलेला जुना नंबर उचलून "टास्क २ डन" मारतो. गेलं बॅकअप.

यातली मेख अशी की मध्ये लिस्ट चालवलीच नाही तर काहीच बिघडत नाही. "१ डन" आणि लगेच "२ डन" मारलं तर दोन्ही बरोबर बंद होतात, कारण डन कमांड स्वतः नंबर हलवत नाही, रिपोर्ट हलवतो. म्हणूनच ही भानगड कधी होते कधी होत नाही आणि पकडता येत नाही. त्यातून एजंट जितका काळजीवाला, जितक्या वेळा यादी तपासणारा, तितका चुकायचा चान्स जास्त. आणि बाजूच्या टर्मिनलात आपणच सहज यादी बघितली तरी नंबर सरकतात, एजंटला त्याचा पत्ताही नसतो.

माणसाचं हे होत नाही कारण माणूस नंबर वापरायच्या आधी समोरची यादी बघतो. टास्कवॉरिअरचा आयडी म्हणजे दवाखान्यातला टोकन नंबर आहे, आत्ताच्या रांगेपुरता. पण एजंट शिकलाय कशावर? गिटहबचा इश्यू नंबर एकदा पडला की त्या रेपोत तोच राहतो, जिराची की सुद्धा टास्क दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हलवेपर्यंत बदलत नाही, त्यामुळे कुठल्याही टास्कपुढे आकडा दिसला की तो कायमचा असं तो धरून चालतो. याला सांगितलं पाहिजे की इथे तसं नाही, आणि ते सांगायची पद्धत महत्त्वाची.

"आयडी वापरू नका" लिहून भागत नाही

पहिला उपाय सगळे हाच करतात. फाइलच्या वर ठळक अक्षरात लिहितात "नंबर वापरू नये, यूयूआयडी वापरावा" (यूयूआयडी म्हणजे प्रत्येक टास्कला मिळणारी, कधीच न बदलणारी लांब ओळख) आणि खाली उदाहरणं मात्र जुनीच, "टास्क ५ डन", "टास्क ३ मॉडिफाय प्रायॉरिटी:एच", कारण ती मूळ डॉक्युमेंटेशनमधून कॉपी केलेली असतात. एजंट नियम वाचतो, मान डोलावतो आणि हात उदाहरणाप्रमाणे चालवतो. माझं मत विचाराल तर नियम आणि उदाहरण यांची टक्कर झाली की उदाहरण जिंकतं, आणि संभाषण लांबलं की जास्तच. त्यामुळे पूर्ण फाइलमध्ये, शेवटच्या कोपऱ्यातल्या उदाहरणातसुद्धा, नुसता आकडा असलेली एकही कमांड ठेवायची नाही. सगळीकडे यूयूआयडी. पूर्ण लांबलचक द्यायची गरज नसते, पहिली आठ अक्षरं टास्कवॉरिअरला पुरतात. त्यातही "इथे यूयूआयडी टाका" अशी रिकामी जागा ठेवण्यापेक्षा खरी दिसणारी आठ अक्षरं टाका, म्हणजे याचा आकार कसा असतो ते एजंटला दिसतं.

पण मग यूयूआयडी त्याला मिळणार कुठून, कारण नेहमीच्या लिस्टमध्ये आयडीच दिसतो. म्हणून वाचायची कमांड पण बदलायची. एजंटने "टास्क लिस्ट" वापरायचंच नाही, "टास्क एक्सपोर्ट" वापरायचं, त्यात जेसन (प्रोग्रॅमला वाचायला सोपा मजकूर) मिळतं आणि प्रत्येक टास्कबरोबर यूयूआयडी येतो. जेसनमध्ये आयडी पण असतो, तो गाळून टाकता आला तर उत्तम, जेक्यू हे जेसन चाळायचं टूल वापरून यूयूआयडी, डिस्क्रिप्शन, स्टेटस, ड्यू आणि डिपेंड्स एवढंच पुढे पाठवा. दिसलाच नाही तर वापरणार कुठून. शिवाय लिस्टचा तक्ता टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे बसवलेला असतो, लांब मजकूर घडी घालून खालच्या ओळीत येतो, माणसाला ते वाचता येतं पण एजंट कधीकधी ती दुसरी ओळ म्हणजे वेगळंच टास्क समजतो.

नवीन टास्क टाकल्यावरसुद्धा हाच प्रश्न. साधारणपणे "क्रिएटेड टास्क १२" असं उत्तर येतं आणि तो १२ एजंट उराशी धरून बसतो. व्हर्बोज (काय काय छापायचं ते ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये "न्यू-यूयूआयडी" टाकलं की आकड्याऐवजी थेट यूयूआयडी छापला जातो. काही लोक "प्लस लेटेस्ट" हा व्हर्च्युअल (टास्कवॉरिअरने स्वतः लावलेला) टॅग वापरून शेवटचं टास्क शोधायला सांगतात. एकच एजंट असेल तर ठीक, पण दोन एजंट किंवा एक एजंट आणि एक तुम्ही एकाच डेटावर काम करत असाल तर लेटेस्ट कोणाचं निघेल याची खात्री नाही, ते लिहूच नका.

अजून एक शॉर्टकट सुचवला जातो तो म्हणजे "आरसी डॉट जीसी=ऑफ", झाडलोटच बंद केली की नंबर हलणार नाहीत. एखाद्या कमांडपुरतं चालेल, पण टास्कवॉरिअरचं मॅन्युअलच सांगतं की हे कॉन्फिगमध्ये कायमचं टाकू नका, पुढे पुढे सगळं मंदावतं.

एजंट अडकून पडतो ते कुठे

दुसरी तक्रार, एजंट मध्येच गप्प होतो. टाइमआउटपर्यंत काही नाही आणि मग "टूल चालत नाही" असं सांगून स्वतःची टूडू फाइल बनवून मोकळा. इथे बहुतेक वेळा टास्कवॉरिअरने काहीतरी प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर द्यायला कोणी नसतं. डॉकरच्या ताज्या कंटेनरमध्ये (कोऱ्या मशीनसारख्या वेगळ्या वातावरणात) तर पहिल्याच कमांडला हे होतं, होम फोल्डरमध्ये टास्कआरसी ही सेटिंग्जची फाइल नसली की ते विचारतं "नमुना फाइल बनवू का, येस की नो". डिलीट केलं की विचारतं. तीन किंवा जास्त टास्कं एका झटक्यात बदलली की विचारतं, ती मर्यादा बल्क नावाच्या सेटिंगमध्ये असते आणि डिफॉल्ट ३. पुन्हा पुन्हा येणारं टास्क बदललं की "सगळीच बदलू का" विचारतं. आणि "टास्क एडिट" तर थेट एडिटरच उघडतं, तिथे एजंट व्हिममध्ये जाऊन अडकला की मग काय, आपल्यालाही बाहेर पडता येत नाही कधीकधी.

यावर एजंटसाठी वेगळी टास्कआरसी फाइल ठेवणं सगळ्यात बरं. टास्कआरसी या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या फाइलकडे वळवायचा, टास्कडेटा हा व्हेरिएबल डेटाच्या फोल्डरकडे, आणि फाइलीत कन्फर्मेशन=नो, रिकरन्स डॉट कन्फर्मेशन=नो, बल्क=० (नुसतं कन्फर्मेशन बंद करून बल्कचा प्रश्न थांबत नाही). प्रत्येक कमांडपुढे "आरसी डॉट कन्फर्मेशन=ऑफ" चिकटवायला सांगणारं डॉक्युमेंटेशन मी बघितलंय, एजंट पाचदा लावतो आणि सहाव्यांदा विसरतो, फाइल विसरत नाही.

पण कन्फर्मेशन आणि बल्क दोन्ही बंद म्हणजे जाळीही गेली, आता चाळीस टास्कं एका फिल्टरने बंद झाली तरी कोणी हूं की चूं करणार नाही. म्हणून दोन गोष्टी जोडीला हव्यात. एक, अलाउ डॉट एम्प्टी डॉट फिल्टर=नो, म्हणजे फिल्टरच न देता बदल करायला गेला तर कमांड सरळ नाकारली जाते. दोन, डॉक्युमेंटेशनमध्ये बदलाची प्रत्येक कमांड एका यूयूआयडीवर. यावरही भरवसा नसेल तर ऑन-मॉडिफाय हुक लावा (टास्क बदलताना टास्कवॉरिअर आपोआप चालवतं ती छोटी स्क्रिप्ट), त्याला जुनं टास्क आणि बदललेलं टास्क असे दोन जेसन मिळतात, हुक शून्याशिवाय दुसरा एक्झिट कोड देऊन बाहेर पडला की बदल होतच नाही. एकही अ‍ॅनोटेशन (टास्कला जोडलेली नोंद) नसलेलं टास्क कम्प्लीटेड होत असेल तर नाकार आणि "आधी काय केलं ते अ‍ॅनोटेट कर" असा मेसेज छाप, एवढा छोटा हुक पुष्कळ काम करतो, कारण तो मेसेज एजंट वाचतो आणि पुढच्या वेळी सुधारतो. हुक डेटा फोल्डरमधल्या हुक्स फोल्डरात ठेवायचा आणि एक्झिक्युटेबल करायचा.

ड्यू डेट एक दिवस मागे दिसते

हे भारतात बसून वापरणाऱ्यांना हमखास छळतं. "ड्यू:२०२५-०३-१०" असं टास्क टाकलं तर टास्कवॉरिअर ती १० मार्चची लोकल मध्यरात्र धरतं. पण एक्सपोर्टमध्ये तारखा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) येतात, म्हणजे जेसनमध्ये दिसतं २०२५०३०९टी१८३०००झेड. शेवटचा झेड म्हणजे यूटीसी, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आधल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा. एजंट पहिले आठ आकडे वाचतो, म्हणतो ९ मार्चला ड्यू होतं, उशीर झाला, आणि प्रायॉरिटी वाढवून, टॅग लावून, क्लायंटला माफीचा ड्राफ्टसुद्धा तयार करून ठेवतो. लंडनमधल्या माणसाला हिवाळ्यात हे कधी दिसणारच नाही म्हणून मूळ डॉक्युमेंटेशन वाचून याचा अंदाज येत नाही.

उलट दिशेनेही होतं. लॅपटॉप भारतीय वेळेवर पण एजंटचा कंटेनर यूटीसीवर, कारण कंटेनर बहुतेक तसेच येतात. रात्री दोन वाजता एजंटने "ड्यू:टुमारो" टाकलं तर कंटेनरमध्ये अजून आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ वाजलेत, त्याचा टुमारो म्हणजे आपला आजचाच दिवस. हे ओळखायची सोपी खूण आहे, एखाद्या टास्कच्या ड्यूमध्ये सकाळचे ०५:३० दिसले की समजायचं हे यूटीसीच्या कंटेनरमधून आलंय, माणूस काही साडेपाचची डेडलाइन देत नाही. कंटेनरमध्ये टीझेड=एशिया/कोलकाता लावा (त्यात टीझेडडेटा पॅकेज असायला हवं, नसलं तर सेटिंग लावूनही यूटीसीच राहतं), आणि डॉक्युमेंटेशनमध्ये वरचं उदाहरण जसंच्या तसं, दोन्ही रूपं शेजारी शेजारी देऊन लिहा. "तारखा यूटीसीमध्ये आहेत" एवढं वाक्य पुरत नाही, उदाहरण बघितल्यावरच एजंट बेरीज करतो.

यादी रिकामी दिसते आणि मग डुप्लिकेट होतात

कॉन्टेक्स्ट हे टास्कवॉरिअरचं फीचर माणसाला फार सोयीचं, "टास्क कॉन्टेक्स्ट ऑफिस" म्हटलं की फक्त ऑफिसची टास्कं दिसतात. पण ते कॉन्फिगमध्ये सेव्ह होतं आणि चालूच राहतं. एजंट तुमचीच टास्कआरसी वापरत असेल तर तुम्ही काल लावलेला कॉन्टेक्स्ट त्याच्या प्रत्येक फिल्टरवर गुपचूप बसतो, त्याला घरच्या प्रोजेक्टची टास्कं दिसतच नाहीत आणि "सापडलं नाही, नवीन बनवतो" म्हणून तो दुसरं टाकतो. यूयूआयडी देऊन विचारलं तर कॉन्टेक्स्ट आड येत नाही, त्यामुळे "शोधताना नाही पण थेट मागितलं तर आहे" असा भुताटकीचा अनुभव येतो. वेगळी टास्कआरसी दिली की हा प्रश्न संपतो, नाहीतर "आरसी डॉट कॉन्टेक्स्ट=नन".

डुप्लिकेटचं दुसरं कारण आपल्याकडचं खास. कोणी टास्क लिहितो "बिल पाठवणे", कोणी रोमन लिपीत इन्व्हॉइस, कोणी देवनागरीत इन्व्हॉइस, आणि एजंट डिस्क्रिप्शनमध्ये एकच शब्द शोधतो. यूटीएफ-८ मुळे मराठी मजकूर टास्कवॉरिअरमध्ये व्यवस्थित राहतो, पण शोध शेवटी अक्षरं जुळवूनच होतो. म्हणून डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा की आहे का ते बघायला शब्द शोधण्याऐवजी त्या प्रोजेक्टची सगळी पेंडिंग टास्कं एक्सपोर्ट कर आणि वाच. वाचण्यात एजंट पटाईत असतो, ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडपेक्षा तरी नक्कीच. आणि एक ओळ अशीही टाका की डिस्क्रिप्शन ज्या भाषेत आहे त्या भाषेत राहू दे, नाहीतर काही एजंट मॉडिफाय करताना सगळं इंग्रजीत करून ठेवतात.

फसवे मेसेज

आधीच बंद असलेल्या टास्कवर डन मारलं की शेवटी "कम्प्लीटेड ० टास्क्स" असं येतं. घाईत वाचणारा एजंट कम्प्लीटेड एवढंच बघतो आणि आनंदाने पुढे जातो. कोणत्या मेसेजचा अर्थ काय ते डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीत हवं, शून्य दिसलं तर थांब आणि त्या यूयूआयडीचा एक्सपोर्ट बघ. हा मेसेज छापला जावा म्हणून व्हर्बोजमध्ये "अफेक्टेड" पण ठेवा, आउटपुट कमी करायच्या नादात लोक सगळंच बंद करतात. एक्सपोर्टला काही सापडलं नाही तर मात्र रिकामा कंस येतो, ती एरर नाही, हेही सांगावं लागतं.

मजकुरात कोलन किंवा अधिक चिन्ह आलं की टास्कवॉरिअर त्याला अ‍ॅट्रिब्यूट किंवा टॅग समजू शकतं. "रिलीज नोटमध्ये ड्यू:कालची लिहिलंय ते बदल" असं टास्क टाकायला गेलं तर ही वैध तारीख नाही म्हणून एरर. अ‍ॅडच्या कमांडीत आधी प्रोजेक्ट, टॅग, मग दोन डॅश आणि मग मजकूर हीच सवय उदाहरणातून लावा, दोन डॅशनंतरचं सगळं मजकूर धरलं जातं.

आणि जुन्या माहितीचं एक. २०२४ मध्ये आलेल्या ३.० पासून डेटा टास्कचँपिअन या साठवणीच्या लायब्ररीच्या एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये असतो. त्याआधीच्या पेंडिंग डॉट डेटा वगैरे साध्या टेक्स्ट फाइली होत्या आणि इंटरनेटवरची पुष्कळ माहिती त्या काळातली आहे. एजंटला ती पाठ असते, त्यामुळे तो कधीकधी फाइल थेट उघडून बदलायला जातो. "डेटा फोल्डरला हात लावू नको" ही एकच मनाई मी फाइलीत ठेवतो, बाकी सगळं करायच्या गोष्टी.

मग फाइल दिसते कशी

साधारण अशी, वर सांगितलेल्या एकदोन ओळी सोडल्या तर एवढीच:

आयडी आकडा नसतो, यूयूआयडी असतो, पहिली आठ अक्षरं पुरतात.
काय करायचंय ते बघायला: टास्क प्रोजेक्ट:बिलिंग +रेडी एक्सपोर्ट
काम हातात घेताना: टास्क (यूयूआयडी) स्टार्ट
नवीन: टास्क अ‍ॅड प्रोजेक्ट:बिलिंग -- मजकूर
नोंद: टास्क (यूयूआयडी) अ‍ॅनोटेट काय केलं ते
बंद: टास्क (यूयूआयडी) डन, लगेच टास्क (यूयूआयडी) एक्सपोर्ट, स्टेटस कम्प्लीटेड दिसलं पाहिजे
तारीख: २०२५०३०९टी१८३०००झेड म्हणजे भारतात १० मार्च, मध्यरात्र

यूयूआयडीच्या जागी खरी अक्षरं टाका हे वर सांगितलंच. रेडी म्हणजे ज्याचं काही अडलेलं नाही असं पेंडिंग टास्क, अवलंबून असलेली आपोआप बाजूला राहतात. याच्यापेक्षा मोठी फाइल करू नका, अख्खं मॅन पेज ओतलं की ते दरवेळी एजंटच्या कॉन्टेक्स्ट विंडोत (तो एका वेळी वाचू शकतो तेवढ्या जागेत) बसून जागा खातं आणि त्यातून परत आकड्यांची उदाहरणं आत शिरतात.

फाइल तपासायला टास्कडेटा एका रिकाम्या फोल्डरवर वळवा, तीनचार खोटी टास्कं टाका, त्यातलं एक दुसऱ्यावर अवलंबून ठेवा, आणि कोरा एजंट सोडा ज्याला या फाइलीशिवाय काही माहीत नाही. मग त्याने चालवलेल्या कमांडी वाचा, त्याचं शेवटचं गोड उत्तर वाचू नका. फाइलीत नसलेली कमांड त्याने चालवली म्हणजे तिथे त्याला काहीतरी हवं होतं आणि आपण दिलं नव्हतं.

आधीच भलती टास्कं बंद झाली असतील तर "टास्क अंडू" कडे जाऊ नका, ते सगळ्यात शेवटचा बदल मागे घेतं, मग तो कोणीही केलेला असो. "टास्क एंड.आफ्टर:टुडे एक्सपोर्ट" ने आज बंद झालेली आणि डिलीट झालेली काढा, एजंटच्या लॉगशी ताडून बघा, आणि जी चुकून गेली त्या प्रत्येकाला यूयूआयडी देऊन "मॉडिफाय स्टेटस:पेंडिंग" करा. अ‍ॅनोटेशन, टॅग, ड्यू सगळं शाबूत परत येतं.